घरी अतिगंभीर पेशंट असताना: सिस्टर काय ठरवतील, काय नाही
(आयसीयूतून घरी आणलेल्या पेशंटच्या कुटुंबासाठी)

नमस्कार. आमच्या नर्सिंग ब्युरोकडून येणाऱ्या सिस्टर किंवा ब्रदर पहिल्याच दिवशी हे पत्रक तुमच्या हातात देतील. निर्णय घेणाऱ्या सगळ्यांनी ते वाचावं. परगावी, परदेशी बसून फोनवरून ठरवणाऱ्या भावंडांनीसुद्धा. रात्री दोन वाजता पेशंटला धाप लागल्यावर कॉन्फरन्स कॉल जमवत बसायला वेळ नसतो.

कोण येणार?
अंघोळ, कपडे, डायपर, चालवणं यासाठी मावशी पुरतात. नाकातली नळी, ट्रॅकिओस्टॉमी (श्वासासाठी गळ्याला छेद देऊन बसवलेली नळी), इंजेक्शन असेल तर नोंदणीकृत नर्सच लागते. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी बघायला जरूर मागा. ट्रॅकिओस्टॉमीच्या पेशंटजवळ आम्ही मावशींना एकटं ठेवत नाही, पैसे वाचवायचे म्हणून कितीही आग्रह झाला तरी. कारण साधं आहे: सक्शनची (कफ ओढून काढायची) नळी आत गेली की दहा-पंधरा सेकंदांत काम उरकून बाहेर यावी लागते, तेवढ्यात नजर ऑक्सिमीटरवर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र) आणि पेशंटच्या ओठांच्या रंगावर ठेवावी लागते. हे बघून बघून येत नाही.

सिस्टर स्वतः काय ठरवतील?
दर दोन तासांनी कूस बदलणं, सक्शन कधी करायचं, फीड (नळीतून दिलं जाणारं पातळ अन्न) द्यायचं की थांबवायचं. फीडवरून घरोघरी वाद होतात. पोट फुगलंय, उलटीसारखं होतंय, तर सिस्टर दुपारचं फीड थांबवून डॉक्टरांना कळवतील. ‘उपाशी ठेवलं’ म्हणून कुणी त्यांच्या मागे सिरिंजने पेज घालू नये. नळी जागेवरून सरकली असेल तर ती पेज फुप्फुसात जाते. फीडनंतर निदान अर्धा तास डोक्याची बाजू उंचच राहील, पेशंटने कितीही कुरकुर केली तरी.

औषध सुरू-बंद करणं आणि डोस बदलणं डॉक्टरांचं काम. ऑक्सिजनही औषधच आहे. फुप्फुसांच्या सीओपीडी या जुनाट आजारात डॉक्टर बहुधा ८८ ते ९२ टक्के एवढंच सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ठेवायला सांगतात. ‘९८ हवं’ म्हणून मशीनचा नॉब परस्पर फिरवला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून पेशंट गुंगीत जाऊ शकतो. घरच्यांना वाटतं, छान झोप लागली.

१०८ ला फोन कधी?
पुढची लक्षणं दिसली तर सिस्टर आधी १०८ लावतील आणि मग तुम्हाला सांगतील. या अटीवरच आम्ही केस घेतो.
– श्वास मिनिटाला २५ किंवा जास्त, किंवा ८ किंवा कमी (पूर्ण मिनिट मोजून)
– सॅच्युरेशन डॉक्टरांनी आखून दिलेल्या मर्यादेखाली जाऊन वर येत नाही
– बोलता पेशंट अचानक असंबद्ध बोलू लागला किंवा हाकेला ओ देईना
– फिट पाच मिनिटांत थांबली नाही (कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका)
– तोंड वाकडं, एक हात लुळा, जीभ जड

शेवटचं लक्षण पक्षाघाताचं; त्यात घड्याळ महत्त्वाचं. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि ते तास पेशंट शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून मोजतात. म्हणून ‘सकाळी बघू’ नको.

डायबेटिसच्या पेशंटची शुगर ७० च्या खाली गेली आणि तो शुद्धीवर असून नीट गिळत असेल, तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या. गुंगीत असेल तर तोंडात काहीही नाही, मधाचं बोटसुद्धा नाही. १०८ लावा.

१०८ फुकट आहे; ती जवळच्या योग्य रुग्णालयात नेते. ठरावीक हॉस्पिटलच हवं असेल तर खासगी कार्डियाक अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर आजच फाइलवर लिहा. पेठेतल्या जुन्या वाड्यात राहत असाल तर जिन्यात स्ट्रेचर वळतं का, तेही आजच बघा. वळत नसेल तर खुर्चीत बसवून उतरवावं लागेल. ती खुर्ची आणि उचलणारी माणसं ठरवून ठेवा. गणपतीत रस्ते बंद असतात, तेव्हा गाडी कुठपर्यंत येईल याची चौकशी आम्हीही करतो.

‘आता पुन्हा आयसीयू नको’
काही घरांत असं ठरलेलं असतं आणि ते चूक नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये लिव्हिंग विलला (शेवटच्या आजारात कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवलेलं पत्र) मान्यता दिली आणि २०२३ मध्ये तिची प्रक्रिया सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. तसं पत्र किंवा डॉक्टरांच्या सहीचा स्पष्ट निर्णय फाइलमध्ये हवा. तोंडी निरोप आम्ही धरत नाही. कागद नसेल तर हृदय थांबल्यावर सिस्टर छातीवर दाब देतील आणि १०८ ला बोलावतील.

वीज गेली तर
ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन) विजेवर चालतो. बी-टाइप भरलेला सिलिंडर साधारण १,५०० लिटरचा, म्हणजे मिनिटाला ५ लिटर लागत असेल तर पाच तास. एक भरलेला घरात ठेवा. सिलिंडर उघडायची चावी त्यालाच दोरीने बांधा. ऐन वेळी नेमकी तीच सापडत नाही.