बालपुस्तक-चित्रकार (मुंबई)

मुलांसाठी छापली जाणारी पुस्तके, मासिके व पाठ्यपुस्तके यांची मुखपृष्ठे आणि आतील चित्रे काढणारा व्यावसायिक चित्रकार. मुंबईत हा व्यवसाय छापखाने, मिशनरी नियतकालिके आणि सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा (‘जे. जे.’) यांच्या आधाराने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून हळूहळू आकाराला आला. केवळ मुलांच्या पुस्तकांवर घर चालवणारे चित्रकार येथे नेहमीच थोडे राहिले. बहुतेकांनी जाहिरातसंस्था, दिनदर्शिका, कादंबऱ्यांची मुखपृष्ठे, दिवाळी अंक किंवा कलाशिक्षकाची नोकरी सांभाळून हे काम केले. जुन्या पुस्तकांवर लेखकाचे, प्रकाशकाचे, मुद्रकाचे, एवढेच काय किमतीचेही ठळक उल्लेख असतात. चित्रकाराचे नाव मात्र पुष्कळदा चित्राच्या कोपऱ्यातील सहीवरूनच ओळखावे लागते. या व्यवसायाचा इतिहास त्यामुळे ज्यांनी नेमाने सही केली त्यांच्याकडे झुकलेला आहे, हे पुढील मजकूर वाचताना ध्यानात ठेवावे.

प्रारंभ : मराठीतील आरंभीची बालपुस्तके प्रामुख्याने अक्षरांची होती. सदाशिव काशीनाथ छत्रे यांची इसापनीतीच्या कथांची व ‘बाळमित्र’ ही भाषांतरे १८२८ च्या सुमारास मुंबईत निघाली. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर पंचांग छापले. शिळाछापात अक्षर आणि चित्र एकाच दगडावर उतरवता येत असल्याने सचित्र पुस्तकाची वाट तेव्हाच मोकळी झाली होती. परंतु तिचा लाभ प्रथम धार्मिक ग्रंथांनी घेतला. अमेरिकन मिशनच्या ‘बालबोधमेवा’त (सुमारे १८७२) आणि विनायक कोंडदेव ओक यांच्या ‘बालबोध’ मासिकात (१८८१) मुलांसाठी चित्रे येऊ लागली. मिशनच्या नियतकालिकांतील चित्रे छापण्याचे ठसे बहुधा विलायतेहून किंवा अमेरिकेहून आलेले असत आणि एकच ठसा निरनिराळ्या मजकुरांना लावण्याची पद्धत होती.

येथील बालपुस्तक-चित्रकाराचा आरंभ कोठून धरावा, याविषयी दोन भूमिका घेता येतात. एक भूमिका मिशनच्या मासिकांपासून सुरुवात करते, कारण चित्र पाहत वाचण्याची सवय मुलांना तेथे लागली. दुसरी भूमिका १९१४ हे वर्ष महत्त्वाचे मानते. त्या वर्षी सनदी अधिकारी सी. ए. किंकेड यांचे ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ हे पुस्तक मॅकमिलनने प्रसिद्ध केले व त्यातील चित्रे महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी काढली. पुस्तक इंग्रजी, प्रकाशक लंडनचा, म्हणून ते या परंपरेत धरू नये असा आक्षेप संभवतो. परंतु त्यातील गोष्टी म्हणजे घरोघर श्रावणात वाचल्या जाणाऱ्या वारांच्या व व्रतांच्या कहाण्याच आहेत. ‘आटपाट नगर’ तेथे नावानिशी येते. लुगड्याचा काष्टा, घराची ओसरी, पूजेचे ताट हे सारे धुरंधरांनी परक्या वाचकासाठी सोपे न करता जसेच्या तसे रेखाटले. चित्रकाराचे नाव छापलेले, चित्रे त्याच मजकुरासाठी मुद्दाम काढलेली आणि चित्रकार मुंबईच्या कलाशाळेत घडलेला, या तीनही गोष्टी येथे एकत्र येतात. म्हणून प्रस्तुत नोंदीत दुसरी भूमिका अधिक ग्राह्य धरली आहे.

राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला व नंतर मळवलीला गेला. तेथे छापलेल्या देवादिकांच्या रंगीत चित्रांनी राम, कृष्ण, दमयंती यांची जी रूपे घराघरांत पोचवली, तीच पुढे मुलांच्या पुस्तकांत दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. या प्रभावाचे मोजमाप करणे कठीण असले, तरी तो नाकारता येत नाही.

शिक्षण : जे. जे. ची स्थापना १८५७ ची. धुरंधर १८९० मध्ये तेथे विद्यार्थी म्हणून दाखल झाले, तेथेच अध्यापक झाले, आणि १९३० मध्ये काही काळ संस्थेची सूत्रेही त्यांच्याकडे होती. पुस्तकचित्रणाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे वर्ष १९३५ होय. त्या वर्षी व्यावसायिक कलेचा विभाग निघाला व १९६१ मध्ये त्याची स्वतंत्र उपयोजित कला संस्था झाली. ‘एलिमेंटरी’ व ‘इंटरमिजिएट’ या शासकीय रेखाकला परीक्षा, नंतर पायाभूत वर्ष, त्यानंतर उपयोजित कलेची पदवी, हा मार्ग मुंबईतील बहुसंख्य चित्रकारांनी धरला. भायखळ्याच्या राणीच्या बागेत बसून प्राण्यांची झटपट रेखाटने करणे हा या शिक्षणाचा जुना भाग. पिंजऱ्यातला प्राणी स्थिर बसत नाही. म्हणून पाठीची एक रेघ, मानेचा झोक आणि पायांचा भार एवढेच आधी टिपायचे असते. गोष्टीतला हत्ती पानावर चालताना दिसतो की नुसता उभा राहतो, हे पुष्कळसे या सरावावर ठरते.

ठसा आणि रेषा : मुंबईच्या बालपुस्तकांतील जाड, बंदिस्त, काळीभोर रेषा ही केवळ अभिरुचीची बाब नव्हती, ती मुद्रणतंत्राची गरज होती. ऑफसेट (सपाट पत्र्यावरून, ठोकळ्याविना होणारी छपाई) सर्रास होण्यापूर्वी पुस्तके खिळ्यांवर, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांवर, छापली जात व चित्रासाठी जस्ताचा ठसा, म्हणजे छापखान्यातला ‘ब्लॉक’, करावा लागे. चित्रकार पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने मूळ चित्र छापील आकाराच्या दीडपट किंवा दुप्पट काढी. ब्लॉकवाला त्याचे छायाचित्र घेऊन ते लहान करून जस्ताच्या पत्र्यावर उतरवी. रेषेखेरीजचा भाग आम्लाने खाल्ला जाई आणि रेषा उंच राही. हा पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून खिळ्यांच्या उंचीइतका करत आणि मजकुराबरोबर चौकटीत आवळत. चित्र लहान करताना बारीक रेषा तुटत, जवळजवळच्या रेषा शाईने बुजत. म्हणून सावली देण्यासाठी किती अंतरावर रेघा माराव्यात याचा अंदाज हाताला बसलेला असावा लागे. तो अंदाज कॉलेजात थोडा आणि ब्लॉकवाल्याच्या बोलण्यातून जास्त मिळे.

छटा हव्या असतील तर ‘हाफटोन’ ब्लॉक असे. त्यात जाळीतून छायाचित्र घेऊन छटांचे लहानमोठे ठिपके करत. गुळगुळीत आर्ट पेपरवर इंचाला १२० ते १३३ ओळींची जाळी चाले. वृत्तपत्री कागदाला मात्र ६५ ओळींच्या आसपासची जाडच जाळी लागे. मुलांचे पुस्तक स्वस्त हवे, म्हणून कागद स्वस्त; त्यावर हाफटोन मळकट उठे. साहजिकच चित्रकार रेषेकडे वळले. रंगाचेही तसेच. चार रंगांचा खर्च मुखपृष्ठापुरता परवडे. आत काळ्याच्या जोडीला एखादाच रंग असे. त्या दुसऱ्या रंगासाठी चित्रकार मूळ चित्रावर पातळ कागद ठेवून रंगाच्या जागा वेगळ्या भरून देई आणि दोन्ही कागदांवर जुळणीसाठी अधिकाचे चिन्ह काढी. छापताना जुळणी किंचित हलली की लाल रंग गालावरून कानावर जाई. अशी प्रत हाती आली तर दोष चित्रकाराचा नाही, हे जुनी पुस्तके पाहताना ओळखता आले पाहिजे.

चित्र हा वेगळा ठोकळा असल्याने ते पानात आपल्या जागी राही; अक्षरांतून धावणारे किंवा दोन पानांवर पसरलेले चित्र खिळ्यांच्या मुद्रणात फार जिकिरीचे होते. ते स्वातंत्र्य ऑफसेटने दिले. पृष्ठसंख्या १६, ३२ किंवा ४८ असण्याचे कारणही फर्म्यात, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडल्या जाणाऱ्या पानांच्या गटात, आहे. गोष्ट कितीही पानांत संपो, चित्रकाराला फर्मा भरून द्यावा लागतो.

दलाल, मुळगावकर आणि दिवाळी अंक : काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा पाडली आणि चित्रकारांना वर्षाचे एक ठरलेले काम मिळाले. दीनानाथ दलाल (१९१६–७१) व रघुवीर मुळगावकर (१९१८–७६) हे दोघेही मूळचे गोव्याचे. दोघांचीही कर्मभूमी मुंबई. दलालांनी १९४५ पासून ‘दीपावली’ हा अंक काढला, मुळगावकरांनी ‘रत्नप्रभा’ व ‘रत्नदीप’. दोघांची ख्याती प्रौढांच्या पुस्तकांवर उभी असली, तरी मुलांच्या पुस्तकांची मुखपृष्ठे कशी असावीत याविषयीची प्रकाशकांची अपेक्षा त्यांच्याच चित्रांनी घडवली. दलालांची रेषा अधिक लवचीक आणि मुलांच्या मजकुराला अधिक मानवणारी आहे, असे येथे नमूद करावेसे वाटते.

अमर चित्र कथा : इंडिया बुक हाउसने मुंबईतून काढलेल्या मुलांच्या या चित्रकथा-मालेच्या जन्माविषयी दोन कथने आहेत. रूढ कथन असे, की १९६७ मध्ये अनंत पै यांनी दिल्लीत दूरचित्रवाणीवरील प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम पाहिला. ग्रीक पुराणकथांविषयी उत्तरे देणाऱ्या मुलांना रामाच्या आईचे नाव सांगता आले नाही, आणि त्यातून मालेची कल्पना सुचली. पै तोवर ‘इंद्रजाल कॉमिक्स’च्या (१९६४ पासून) कामात होते. दुसरे कथन बंगळुरूचे आहे. तेथील जी. के. अनंतराम यांच्या सांगण्यानुसार मालेची कल्पना त्यांची होती व १९६५ मध्येच पाश्चात्त्य परीकथांचे कन्नड अंक याच नावाने निघाले होते. मालेचा क्रमांक दुसऱ्या कथनाच्या बाजूने बोलतो: पहिले दहा अंक परीकथांचे असून ‘कृष्ण’ हा अंक अकरावा आहे. ‘कृष्ण’चे प्रकाशनवर्ष काही ठिकाणी १९६९ तर काही ठिकाणी १९७० दिले जाते. मालेचे नाव आणि आरंभ बंगळुरूकडे, तर पुराणे व इतिहास यांकडे वळलेले तिचे स्वरूप पै यांच्याकडे जाते, असे मानल्यास दोन्ही कथनांत फारसा विरोध उरत नाही. मुंबईच्या चित्रकारांच्या दृष्टीने मात्र आरंभ ‘कृष्ण’पासूनच होतो, कारण आधीच्या अंकांतील चित्रे परदेशी होती.

‘कृष्ण’ राम वाईरकर यांनी रेखाटला. सुरुवातीच्या अंकांत खर्चासाठी पिवळा, निळा व हिरवा असे मोजकेच रंग वापरत. पूर्ण रंग पुढे आले. बत्तीस पानांचा अंक म्हणजे चित्रकाराला शंभराहून अधिक चौकटी, प्रत्येकीत तेच चेहरे, तेच दागिने, तोच रथ पुन्हा ओळखता येईल असा. प्रताप मुळीक, दिलीप कदम, वसंत हळबे यांनीही या मालेच्या किंवा तिच्या भावंडांच्या पानांवर काम केले. ‘टिंकल’ हे मुलांचे नियतकालिक १९८० मध्ये निघाले. त्यातील सुपंडीच्या गोष्टींचा धागा तिरुचिरापल्लीच्या एका वाचकाकडून आला. सुपंडीला रूप दिले वाईरकरांनी, आणि पुढे त्यांची कन्या अर्चना आंबेरकर यांनी ते काम चालवले. हळब्यांचा शिकारी शंभू डोळे हॅटखाली झाकूनच वावरतो. चेहऱ्याचा सर्वांत बोलका भाग असा काढून घेतल्यावर घाबरणे, ओशाळणे, सुटकेचा श्वास हे सगळे मिशा, गुडघे आणि हातांच्या बोटांतून दाखवावे लागते. हळब्यांनी ते लीलया साधले. चौकटीच्या खाली दर अंकात नाव येण्याने या चित्रकारांना मुले नावानिशी ओळखू लागली असे मात्र नाही; मुले पात्रांना ओळखत.

पाठ्यपुस्तके व ‘किशोर’ : १९६७ मध्ये पुण्यात ‘बालभारती’ची स्थापना झाली व १९७१ च्या नोव्हेंबरात तिचे ‘किशोर’ मासिक निघाले. मुंबईतील चित्रकारांना त्यातून कामे मिळाली. मारिओ मिरांडा यांची चित्रे इंग्रजी पाठ्यपुस्तकांत होती, जे. जे. मध्ये शिकलेले शि. द. फडणीस यांनी गणिताच्या पुस्तकांसाठी चित्रे काढली. पाठ्यपुस्तक हे राज्यातील सर्वाधिक मुलांनी पाहिलेले चित्रप्रदर्शन होय, तरीही कलासमीक्षेने त्याची दखल फारच थोडी घेतली, ही खेदाची गोष्ट आहे.

मोबदला व हक्क : रूढ पद्धत एकरकमी मानधनाची. लेखकाला प्रत्येक आवृत्तीमागे स्वामित्वधन मिळते. चित्रकाराला सहसा नाही, चित्रांवाचून पुस्तक उभेच राहणार नसले तरी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो. नोकरीत असताना काढलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, नोकरी देणारा ठरतो. शिवाय मोबदला देऊन काढून घेतलेल्या रंगचित्राविषयीही कायद्यात वेगळी तरतूद आहे. म्हणून स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने लेखी करार करणे इष्ट. हक्क लेखी दिले पण मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची, प्रदेश लिहिला नाही तर तो भारतापुरता समजला जातो. हक्क विकल्यानंतरही ‘हे चित्र माझे’ असे सांगण्याचा अधिकार कलम ५७ ने चित्रकाराकडेच ठेवला आहे.

अलीकडील काळ : टाटा ट्रस्ट्सच्या ‘बिग लिटल बुक’ पुरस्कारात लेखकाबरोबर चित्रकारालाही स्वतंत्र मान असतो. २०१६ च्या पहिल्या वर्षी तो मराठीसाठी माधुरी पुरंदरे यांना व चित्रांसाठी अतनू राय यांना देण्यात आला. प्रथम बुक्स या बालपुस्तक-प्रकाशन संस्थेने (स्थापना २००४) २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी खुल्या परवान्याने उपलब्ध असून तेथे चित्रकाराचे नाव लेखकाच्या नावालगत येते. रंगाचे काम आता बव्हंशी पेन टॅब्लेटवर होते. कच्चे रेखाटन अजूनही अनेक जण कागदावरच करतात.