भाव कुठे लिहायचा?

सोलापुरातल्या चादरींच्या घाऊक दुकानातलं एखादं बिल हातात घ्या. वर गिऱ्हाईकाचं नाव, गाव, जीएसटी क्रमांक. खाली मालाच्या ओळी: मयूरपंख (चादरीचं डिझाइन), साठ-नव्वद (माप), पन्नास नग, त्यापुढे भाव. पुढच्या ओळीत टॉवेल, पण ते किलोवर. तळाशी कर आणि एकूण. डेटा मॉडेलिंग, म्हणजे कुठली माहिती कुठल्या टेबलात कशी मांडायची, या नावाखाली कॉलेजात जे शिकवलं जातं, ते बहुतेक सगळं एवढ्याशा कागदात सापडतं.

मुलांना सरावाला सहसा ग्रंथालय नाहीतर हॉस्पिटल देतात. माझ्या मते सोलापूरच्या विद्यार्थ्याने बिलच घ्यावं. ग्रंथालयाचं मॉडेल चुकलं तर कोणी टोकत नाही, बिलाचं चुकलं तर पेठेतला कुठलाही दिवाणजी दोन मिनिटांत सांगेल, "असं नसतं हो."

पहिल्या झटक्यात जो तो एकच लांबलचक टेबल करतो. प्रत्येक ओळीत बिल क्रमांक, तारीख, गिऱ्हाईक, पत्ता, माल, भाव, नग. एक्सेलमध्ये असं चालतं, काही दिवस. मग गिऱ्हाईक दुकान हलवतं आणि त्याचा पत्ता शेकडो ओळींत बदलावा लागतो. चार ओळी सुटल्या की एकाच माणसाचे दोन पत्ते होतात. नवं डिझाइन मागावर चढलं, पण अजून विकलं गेलं नाही, तर त्याची नोंद करायला जागाच नाही. आणि एखाद्याचं एकुलतं एक बिल रद्द करून ओळ पुसली, तर त्याचा पत्ताही गेला. तिन्ही दुखण्यांचं मूळ एकच: गिऱ्हाईक, माल आणि व्यवहार अशा तीन वेगळ्या गोष्टी एका ओळीत कोंबल्या आहेत.

या दुखण्यावरचा इलाज संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांचा. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत काम करताना त्यांनी 1970 साली एक निबंध प्रसिद्ध केला. तोवर एखादी नोंद शोधायची तर ती कुठल्या नोंदीखाली ठेवली आहे, तिथवर कुठल्या वाटेने जायचं, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला ठाऊक असावं लागे. मांडणी बदलली की प्रोग्राम बंद पडे. कॉड म्हणाले, माहिती साध्या टेबलांत ठेवा आणि टेबलं एकमेकांशी फक्त मूल्यांनी जोडा. बिलाच्या ओळीत गिऱ्हाईकाचा क्रमांक आहे, तोच क्रमांक गिऱ्हाईकाच्या टेबलात आहे, झालं नातं. कुठली गोष्ट कुठल्या टेबलात ठेवायची याचे नियम, म्हणजे नॉर्मलायझेशन, तेही त्यांचेच. संगणकशास्त्रातला 1981 चा ट्यूरिंग पुरस्कार त्यांना मिळाला. (ज्या आयबीएममध्ये हे घडलं, तिच्या पूर्वज कंपन्यांपैकी एक हर्मन हॉलेरिथ यांची. अमेरिकेच्या 1890 च्या जनगणनेत त्यांनी भोकं पाडलेली कार्डं वापरली होती. जेकार्डवर, म्हणजे भोकांच्या कार्डांनी नक्षी ठरणाऱ्या मागावर, चादर विणणाऱ्या गावाला त्या कार्डांची वेगळी ओळख करून द्यायला नको.)

पीटर चेन यांनी 1976 मध्ये ही मांडणी चित्रात काढायची रीत दिली: वस्तूंच्या चौकटी आणि त्यांच्यातली नाती. आज मायएसक्यूएल वर्कबेंचसारखी साधनं वापरून आपण काढतो ती चित्रं त्याच घराण्यातली. वर्कबेंच फुकट मिळतं आणि कॉलेजच्या लॅबमध्येही बऱ्याचदा असतं. नवी आकृती उघडायची, टेबल ठेवायचं, कॉलम भरायचे. प्रत्येक कॉलमपुढे छोट्या चौकटी असतात: ही प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख) आहे का, रिकामं चालेल का, पुन्हा तेच मूल्य आलेलं चालेल का. मग दोन टेबलांमध्ये रेघ ओढायची. रेघेच्या ज्या टोकाला तीन फाटे फुटतात, ती बाजू "अनेक"ची.

रेघ ओढणं सोपं आहे, म्हणूनच ती घाईने ओढली जाते. दर रेघेला दोन प्रश्न मोठ्याने विचारावेत, दोन्ही बाजूंनी. एका गिऱ्हाईकाची अनेक बिलं असू शकतात का? एक बिल अनेक गिऱ्हाइकांच्या नावे असू शकतं का? पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही. म्हणून गिऱ्हाईकाचा क्रमांक बिलाच्या टेबलात फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणारा कॉलम, म्हणून जातो. साधनाला यातलं काही कळत नाही. तुम्ही उलटी रेघ ओढलीत तरी ते तितक्याच सुबकपणे काढून देईल.

आता बिल आणि माल. एका बिलावर अनेक माल, एक माल अनेक बिलांवर. वर्कबेंचमध्ये अनेकास-अनेक नात्याचं बटण दाबून दोन्ही टेबलांवर टिचकी मारली की मधे एक तिसरं टेबल आपोआप उगवतं. त्यात दोनच कॉलम असतात: बिलाची की आणि मालाची की. बरेच जण इथेच थांबतात. पण नगांची संख्या कुठे लिहायची? "पन्नास" हा आकडा ना बिलाचा गुण, ना मयूरपंखाचा. या बिलावरच्या मयूरपंखाचा तो गुण आहे, म्हणून त्याची जागा मधल्या टेबलात.

आणि भाव?

इथे पुस्तक वाचून आलेला विद्यार्थी हटकून अडतो. त्याला शिकवलेलं असतं की एक गोष्ट एकाच जागी लिहायची. भाव मालाचा, म्हणून तो मालाच्या टेबलात. बिलावर हवा तेव्हा तिथून उचलायचा. चित्र देखणं दिसतं. पण सूत महागलं आणि मालकाने मालाच्या टेबलात नवा भाव टाकला, की त्याच क्षणी दिवाळीपूर्वीच्या बिलांच्याही रकमा बदलतात. गिऱ्हाईकाकडचा छापील कागद एक सांगतो, संगणक दुसरंच. दिवाणजीच्या वहीत असं कधी होत नाही, कारण वहीत भाव बिलाच्या ओळीत लिहिलेला असतो आणि तो तिथेच राहतो.

म्हणजे भाव दोनदा लिहायचा. नियम मोडला का? नाही. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, योगायोगाने काही दिवस त्यांचा आकडा सारखा दिसतो. एक "या मालाचा आज चालू असलेला भाव", दुसरी "हा माल या बिलावर ज्या भावाने गेला तो भाव". पहिली बदलते, दुसरी बदलताच कामा नये. नॉर्मलायझेशन सारख्या दिसणाऱ्या आकड्यांच्या मागे लागत नाही. एकच तथ्य दोन ठिकाणी लिहू नका, एवढंच ते सांगतं. हा फरक पचला की डेटा मॉडेलिंगचा अवघड भाग संपला असं मी बेलाशक म्हणेन.

मधल्या टेबलात आणखी एक खाच आहे. आपोआप झालेल्या त्या टेबलाची प्रायमरी की म्हणजे बिल आणि माल यांची जोडी. जोडी पुन्हा येऊ शकत नाही. पण एकाच बिलावर पन्नास चांगल्या चादरी पूर्ण भावाने आणि त्याच डिझाइनच्या पाच, विणीत दोष असलेल्या, कमी भावाने जाऊ शकतात. डेटाबेस दुसरी ओळ नाकारेल. उपाय सोपा: बिल क्रमांक आणि बिलावरचा ओळ क्रमांक मिळून की करायची, आणि माल नुसती फॉरेन की म्हणून ठेवायचा.

गिऱ्हाईकाची ओळख हाही असाच गुंता. जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा, सरकारी, न चुकणारा. तोच प्रायमरी की का नको? आधी म्हणजे, छोट्या नोंदणी नसलेल्या दुकानदाराकडे तो नसतोच. शिवाय तो राज्यागणिक वेगळा. पहिले दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्र 27, कर्नाटक 29, तेलंगणा 36. पुढची दहा अक्षरं पॅनची. लातूर, कलबुर्गी आणि हैदराबादला दुकानं असलेला एकच व्यापारी तीन क्रमांक बाळगतो. सोलापूर सीमेवरचं गाव, इथे अशी गिऱ्हाइकं हवी तितकी. म्हणून गिऱ्हाईक वेगळं, त्याच्या नोंदण्या वेगळ्या, आणि बिलाची रेघ आता गिऱ्हाईकाऐवजी नोंदणीला जाते. कारण माल राज्यात राहिला की बाहेर गेला यावर कराचा प्रकार ठरतो. नोंदणी नसलेल्यांसाठी त्या टेबलात क्रमांकाचा रकाना रिकामा ठेवायची मुभा द्यावी लागते.

कॉलमचे प्रकार निवडताना मात्र फार तत्त्वज्ञान लागत नाही. मोबाइल नंबर इंटीजरमध्ये (पूर्णांकाच्या प्रकारात) ठेवू नका: त्या प्रकाराची मर्यादा 2147483647 आहे आणि आपले नंबर सहापासून पुढे सुरू होतात. रकमेला डेसिमल (दशांश नेमके राखणारा प्रकार), फ्लोट (जवळपासचं मूल्य ठेवणारा) नव्हे. टॉवेल किलोवर जात असल्याने संख्येलाही दशांश हवेत. नावं मराठीत असतील तर कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ8एमबी4 ठेवा, आणि लक्षात असू द्या की लांबी मोजताना काने-मात्रे वेगळे धरले जातात. "सोलापूर" आपल्याला चार अक्षरी वाटतं, डेटाबेसला सात.

चित्र पुरं झालं की फॉरवर्ड इंजिनियर करायचं; वर्कबेंच एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसच्या भाषेतले हुकूम, लिहून टेबलं उभी करतं. त्याआधी प्रत्येक फॉरेन कीपुढचा "ऑन डिलीट" (मूळ नोंद पुसली तर काय करायचं) बघून घ्या. तिथे कॅस्केड असेल तर गिऱ्हाईक पुसल्याबरोबर त्याची सगळी बिलंही न विचारता जातील. हिशेबाच्या कामात रिस्ट्रिक्टच बरं, म्हणजे बिलं असलेलं गिऱ्हाईक पुसताच येत नाही.

यानंतर दिवाणजी बहुधा विचारतो, परत आलेल्या मालाचं काय? उणे संख्या टाकून भागत नाही, क्रेडिट नोट (बिलातली रक्कम वळती केल्याचा कागद) लागते. तिला स्वतःचा क्रमांक आणि तारीख असते, म्हणून टेबलही वेगळं. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा कायद्याची शब्दरचना एका बिलापुरती होती. क्रेडिट नोटच्या टेबलात बिल क्रमांकाचा एक कॉलम पुरे होता. 1 फेब्रुवारी 2019 पासून दुरुस्ती लागू झाली आणि एका क्रेडिट नोटमध्ये अनेक बिलं घ्यायची मुभा मिळाली. एका बिलावर अनेक क्रेडिट नोटा निघू शकतातच. आता तो एकटा कॉलम पुरत नाही. तिथेही मधलं टेबल लागतं, आणि कुठल्या बिलापोटी किती रक्कम वळती केली तो आकडा त्या टेबलात जातो.