भरिताचा व्हिडिओ का नाही पसरला?

मागच्या हिवाळ्यात अमळनेरजवळच्या आमच्या शेतात भरीत झालं. बामणोदची मोठी हिरवी वांगी आणली होती, जाळ तुरीच्या काठ्यांचा. वांग्याची साल तडकते आणि फटीतून पाणी बुडबुडत बाहेर येतं, तिथे माझ्या भाच्याने मोबाईल इतका जवळ नेला की आजी ओरडली, "मांगे सरक रे, वांगं आजून कच्चं शे!" तो ओरडा त्याने व्हिडिओत तसाच ठेवला. लाकडी भांड्यात वांगी, मिरच्या आणि लसूण ठेचतानाचा ठेकाही ठेवला. दोन रात्री जागून त्याने नऊ मिनिटांचा व्हिडिओ तयार केला. तो पाहिला घरच्यांनी आणि गावातल्या काही जणांनी. त्याच आठवड्यात बैल उधळून गाडी थेट चहाच्या टपरीत घुसल्याची बारा सेकंदांची क्लिप त्याने सहज टाकली होती, ती तालुकाभर फिरली. "मामा, मन्हं काय चुकनं?" त्याने मला विचारलं.

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. पण हे पटवायचं तर वस्तू चांगली असणं आणि ती पसरणं या दोन वेगळ्या गोष्टी कशा आहेत, ते सांगावं लागतं.

2011 साली अमेरिकेतल्या जोना बर्जर या संशोधकाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना एक मिनिट जागच्या जागी धावायला लावलं, काहींना नुसतं बसवून ठेवलं. मग सगळ्यांना एकच बातमी वाचायला दिली. त्या बातमीत हसू येईल किंवा राग येईल असं काही नव्हतं. बसून राहिलेल्यांपैकी 33 टक्के लोकांनी ती दुसऱ्याला पाठवली आणि धावलेल्यांपैकी 75 टक्के लोकांनी. बातमी तीच, फरक फक्त धडधडणाऱ्या छातीचा. शरीर चेतलेलं असलं की हात काहीतरी करायला शिवशिवतो, आणि हातात मोबाईल असेल तर 'फॉरवर्ड'वर बोट पडतं. पुढच्या वर्षी बर्जर आणि कॅथरीन मिल्कमन यांनी न्यूयॉर्क टाइम्समधले सुमारे सात हजार लेख तपासले. अचंबा, संताप आणि काळजी जागवणारे लेख वाचकांनी जास्त पाठवले, मन खिन्न करणारे कमी. खिन्नता माणसाला बसवून ठेवते. भरिताचा वास आठवून येणारी तृप्तीही तशीच शांत असते. उधळलेला बैल मात्र पाहणाऱ्यालाही उठवून बसवतो.

हा विषय मी नुसता मजेचा मानू शकत नाही, कारण त्याची सर्वांत भयंकर किंमत आपल्याच भागाने पाहिली आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. त्या दिवसांत तसले मेसेज खानदेशात मोबाईलवरून फिरत होते. आपल्या लेकराची भीती आणि परक्याचा संताप, शरीर चेतवणाऱ्या या दोन्ही भावना एकाच मेसेजमध्ये होत्या. पाठवणाऱ्या बहुतेकांना आपण शेजाऱ्याला सावध करतोय असंच वाटत असणार. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते हेच.

त्याच वर्षी मार्चमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता. 2006 ते 2017 या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे 1 लाख 26 हजार बातमी-साखळ्या त्यात तपासल्या होत्या. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा 70 टक्क्यांनी जास्त निघाली, आणि 1,500 लोकांपर्यंत पोहोचायला खरीला सुमारे सहापट वेळ लागला. दोष यंत्रांवर ढकलायचीही सोय नव्हती, कारण आपोआप चालणारी खाती वगळली तरी फरक तसाच राहिला. खोटं पसरवत होती ती माणसंच. खोट्यात नवलाई जास्त असते, त्याला खरं तरी काय करणार?

जुलै 2018 मध्येच व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणायचं जाहीर केलं. यामागचं गणित साथीच्या रोगाचं आहे. एकाने सरासरी दोघांना पाठवलं, तर दहाव्या टप्प्यावर ते 1,024 जणांकडे जातं. हीच सरासरी 0.9 वर आली, तर शंभर जणांपासून निघालेली लाट दहाव्या टप्प्याला 35 वर येते आणि पुढे विझते. मेसेजचा एक शब्दही बदलावा लागत नाही.

आता नशिबाचं. 2006 मध्ये मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी अनोळखी बँडची 48 गाणी 14 हजारांहून जास्त लोकांपुढे ठेवली. लोकांचे वेगवेगळे गट पाडले, आणि एक गट सोडला तर आपल्या गटात कोणतं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं, हे प्रत्येकाला दिसत होतं. सगळीकडे गाणी तीच, तरी वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी वर आली. उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी वाईट सहसा शिखरावर पोहोचली नाहीत. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. सुरुवातीच्या थोड्या लोकांनी काय उचललं, यावर पुढचं सगळं ठरत गेलं.

भाच्याचा व्हिडिओ त्या मधल्या गर्दीत होता. पण एक गंमत नंतर कळली. गावचा एक जण सुरतेत उधन्याला कापड गिरणीत आहे. त्याने तो तिथल्या खानदेशी मंडळींच्या ग्रुपवर टाकला आणि आजीच्या त्या ओरड्यावर लोक हळवे झाले. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने 1973 मध्ये दाखवलं होतं, की नवी माहिती जिवलगांपेक्षा लांबच्या, सैल ओळखींतून जास्त दूर जाते. जिवलगांचं वर्तुळ एकच असतं, सैल ओळखीचा माणूस दुसऱ्या वर्तुळात उभा असतो.

मला धास्ती होती ती वेगळी. आता हा फक्त उधळलेले बैल शोधत फिरेल की काय? टेरेसा ॲमाबिल यांनी 1985 मध्ये 72 लिहित्या माणसांवर केलेला प्रयोग मी त्याला सांगितला. सगळ्यांनी एक छोटी कविता लिहिली. मग काहींना पैसा, नाव, शाबासकी अशी लिहिण्याची बाहेरची कारणं वाचून क्रम लावायला दिली, काहींना शब्दांशी खेळण्याच्या आनंदासारखी आतली. त्यानंतर दुसरी कविता. कोणती कविता कोणाची हे माहीत नसलेल्या अनुभवी कवींनी गुण दिले, तेव्हा बाहेरची कारणं वाचलेल्यांची दुसरी कविता स्पष्टपणे घसरलेली होती. नुसता विचार काही मिनिटं मनात घोळला, तेवढ्याने.

तो काही बोलला नाही. यंदा पुन्हा शेतात जाळ पेटला तेव्हा त्याने मोबाईल विटांवर टेकवून ठेवला आणि स्वतः आजीजवळ उकिडवा बसला. प्रत्येक वांगं पलटताना ती काय बघते, हे तो विचारत होता. तिने एक वांगं देठाला धरून उचललं, बोटाने दाबलं, वाफ सोडणाऱ्या फटीजवळ कान नेला.

"आते व्हयनं," ती म्हणाली.

त्याने मोबाईलकडे पाहिलंही नाही. वाकून त्यानेही कान लावला.