एलडीएल आणि अपोबी : एक वजन, दुसरी शिरगणती

लिपिड प्रोफाइलचा अहवाल हातात आला की बहुतेकांची नजर आधी एलडीएलवर जाते, आणि अलीकडे काही ठिकाणी अपोबीचा आकडाही मिळू लागल्याने ही एकाच 'वाईट कोलेस्टेरॉल'ची दोन नावे असावीत असा समज होतो. तो चुकीचा आहे.

एलडीएल म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण. त्याचा आकडा सांगतो, की त्या कणांत मिळून कोलेस्टेरॉल किती वजनाचे आहे. अपोबी हे त्या कणांवरचे प्रथिन. प्रत्येक एलडीएल कणावर, तसेच यकृतातून निघणाऱ्या व्हीएलडीएल कणावरही, त्याचा एकच रेणू असतो, त्यामुळे अपोबी मोजणे म्हणजे कणांची शिरगणतीच. बाजार समितीत माल किती क्विंटल आला आणि पोती किती उतरली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. धमनीच्या भिंतीत शिरून अडकतात ती पोतीच.

बहुतेकांमध्ये दोन्ही आकडे एकत्रच चढतात-उतरतात. फारकत होते ती पोट सुटलेल्या, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेल्या किंवा मधुमेही माणसांत, कारण त्यांचे एलडीएल कण लहान, दाट आणि कमी कोलेस्टेरॉल वाहणारे असतात, त्यामुळे कोलेस्टेरॉलचे वजन बेताचे दिसूनही कणांची संख्या जास्त निघते. समजा, साठीच्या दोघांचे एलडीएल १०५ (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) आहे. पहिल्याचे एकूण कोलेस्टेरॉल १८०, एचडीएल (म्हणजे 'चांगले कोलेस्टेरॉल') ५५, ट्रायग्लिसराइड १००. दुसऱ्याचे अनुक्रमे १९०, ३५ आणि २५०. १९७२ मध्ये फ्रीडवाल्ड यांनी मांडलेल्या सूत्राने, म्हणजे एकूणमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून, दोघांचे उत्तर तेच येते. (अनेक अहवालांतले एलडीएल मोजलेले नसून असे वजाबाकीने काढलेले असते, हे फारसे कोणाला ठाऊक नसते.) मात्र एकूणमधून फक्त एचडीएल वजा केल्यास पहिल्याचे १२५ आणि दुसऱ्याचे १५५ उरतात. या 'नॉन-एचडीएल'साठी वेगळा खर्च नाही आणि अपोबी न मिळाल्यास त्याच्या सर्वांत जवळचा आकडा हाच.

दुसऱ्याच्या अहवालातली वाढलेले ट्रायग्लिसराइड आणि घटलेले एचडीएल ही जोडी इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीराची खूण असू शकते, आणि रक्तातली साखर बिघडण्याच्या आधीही ती दिसू शकते. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनी अशाच लोकांसाठी अपोबीची विशेष शिफारस केली असून अतिजोखमीच्या रुग्णांत ते प्रति डेसिलिटर ६५ मिलिग्रॅमखाली ठेवण्यास सांगितले आहे. अपोबीच्या तपासणीसाठी उपाशीपोटी जावे लागत नाही.