चारिझार्डला चौथा अटॅक कोणता?

माझा भाचा चौथीत आहे. पोकेमॉन या व्हिडिओ गेममधल्या त्याच्या चारिझार्ड नावाच्या प्राण्याला चार अटॅक येतात आणि चारही आगीचे: फ्लेमथ्रोअर, फायर ब्लास्ट, हीट वेव्ह, फ्लेअर ब्लिट्झ. "आगीचा आहे ना तो, मग आगच टाकणार," हे त्याचं म्हणणं. समोर ग्याराडॉस येईपर्यंत ते चाललंही. गेममध्ये प्रत्येक पोकेमॉनला आणि अटॅकला टाइप, म्हणजे प्रकार असतो; ग्याराडॉस वॉटर आणि फ्लाइंग अशा दोन टाइपचा. चारिझार्ड आग ओकत राहिला, ग्याराडॉसला जेमतेम चटके बसत राहिले, आणि शेवटी भाच्याने गेम माझ्या मांडीवर टाकला.

पोकेमॉनचा पहिला गेम जपानमध्ये १९९६च्या फेब्रुवारीत गेमबॉयवर आला. तेव्हा टाइप १५ होते. १९९९मध्ये डार्क आणि स्टील आले, २०१३मध्ये फेअरी. आता १८ आहेत. मूळ कल्पना दगड-कागद-कात्रीचीच. पाणी आगीला भारी, आग गवताला, गवत पाण्याला. भारी अटॅकचा फटका दुप्पट बसतो, कमजोर अटॅकचा निम्मा, आणि काही ठिकाणी सरळ शून्य. ग्राउंड टाइपला वीज लागतच नाही (अर्थिंगच म्हणायचं). समोरचा दोन टाइपचा असेल तर दोन्ही आकडे गुणायचे.

शिवाय पोकेमॉनने स्वतःच्या टाइपचा अटॅक केला तर त्याची ताकद दीडपट धरतात. भाचा फसला तो याच लालचेला. फ्लेमथ्रोअरची ताकद ९०. दीडपटीने १३५ झाली, पण वॉटरवर आग निम्मी, म्हणजे हातात आले साडेसदुसष्ट. चारिझार्डला थंडर पंचही शिकवता येतो. त्याची ताकद ७५च आणि दीडपटीचा फायदाही नाही. पण वीज वॉटरवर दुप्पट आणि फ्लाइंगवरही दुप्पट, म्हणजे ३००. एक अटॅक ठोशाचा आणि एक लांबून मारायचा, त्यामुळे खऱ्या हिशेबात आणखी आकडे येतात. तरी साडेसदुसष्ट आणि ३०० यांतला फरक त्यांनी बुजत नाही.

आगीचा पहिला अटॅक जिथे अडतो, तिथेच दुसरा, तिसरा आणि चौथाही अडतो. म्हणून दुसरा अटॅक निवडताना तो किती जोरात लागतो यापेक्षा पहिल्याने कुठे भोकं सोडली आहेत ते बघायचं.

याचं सगळ्यात देखणं उदाहरण म्हणजे वीज आणि बर्फ. इलेक्ट्रिक अटॅक इलेक्ट्रिक, ग्रास आणि ड्रॅगनवर निम्मा पडतो, ग्राउंडवर शून्य. आणि बर्फ भारी कुणावर? ग्रास, ड्रॅगन, ग्राउंड, शिवाय फ्लाइंग. चारपैकी तीन भोकं बुजली. उलट बर्फ वॉटरवर अडतो, तर तिथे वीज दुप्पट. थंडरबोल्ट आणि आइस बीम या जोडीला खेळणारे लाडाने बोल्टबीम म्हणतात. मॅग्नेटॉनसारखे, इलेक्ट्रिक आणि स्टील एकत्र असलेले, दोन्ही पचवतात. पण असे मोजकेच.

मग पुढचा प्रश्न असा की अठराच्या अठरा टाइपना दुप्पट फटका द्यायचा तर कमीत कमी किती प्रकारचे अटॅक लागतील? घ्यायचा की सोडायचा, असं प्रत्येक टाइपबद्दल ठरवलं तर २,६२,१४४ निवडी होतात. कॉम्प्युटर त्या क्षणात तपासेल. पण टाइप एकाने वाढला की निवडी दुप्पट होतात, आणि शंभर टाइप असते तर सगळ्या तपासणं कुठल्याच यंत्राला जमलं नसतं. गणितात याला संच-आच्छादनाचा प्रश्न म्हणतात. कमीत कमी मोबाइल टॉवर लावून सगळी गावं रेंजमध्ये आणायची, तोही हाच प्रश्न. रिचर्ड कार्प यांनी १९७२मध्ये ज्या २१ अवघड प्रश्नांची प्रसिद्ध यादी दिली, त्यात हा आहे.

अठरांसाठी मात्र कागद-पेन पुरतं, आणि उत्तर सात आहे. सातपेक्षा कमीत का भागत नाही ते बघण्यासारखं आहे. सात टाइप वेगळे काढू. नॉर्मलवर भारी फक्त फायटिंग. इलेक्ट्रिकवर फक्त ग्राउंड. घोस्टवर घोस्ट किंवा डार्क. वॉटरवर इलेक्ट्रिक किंवा ग्रास. फेअरीवर पॉइझन किंवा स्टील. ड्रॅगनवर आइस, ड्रॅगन किंवा फेअरी. बगवर फायर, फ्लाइंग किंवा रॉक. ही झाली सात कुलपं आणि किल्ल्यांचे सात जुडगे. आता जुडगे पुन्हा नजरेखालून घाला: एकही किल्ली दोन जुडग्यांत नाही. म्हणजे एका किल्लीने यांतली दोन कुलपं उघडणार नाहीत. सात किल्ल्या लागणारच. आणि सात पुरतात: फायटिंग, ग्राउंड, घोस्ट, इलेक्ट्रिक, स्टील, आइस, फ्लाइंग. बाकीचे अकरा टाइप यांतच उरकतात. विश्वास नसेल तर तक्ता घेऊन बसा, मीही बसलो होतो.

एका पोकेमॉनकडे जागा चारच, त्यामुळे सातांचं गणित सहा जणांच्या संघाने मिळून सोडवायचं असतं. एकट्यासाठी अपेक्षा खाली आणावी लागते: दुप्पट राहू दे, निदान अटॅक कुठे अडू नये. तेवढंच हवं असेल तर दोन अटॅक पुरतात, घोस्ट आणि फायटिंग. घोस्ट अडतो फक्त नॉर्मल आणि डार्कवर, आणि त्या दोघांवर फायटिंग दुप्पट. एकेरी आणि दुहेरी मिळून टाइपच्या १७१ जुळण्या होतात. त्यांतल्या १७० या जोडीपुढे उघड्या पडतात. उरलेली एक म्हणजे नॉर्मल-घोस्ट. नॉर्मलमुळे घोस्ट शून्य आणि घोस्टमुळे फायटिंग शून्य. तसा पोकेमॉन बरीच वर्षं नव्हताच. २०२२च्या जानेवारीत गेममधल्या हिसुई प्रदेशाचा झोरोआर्क हा पोकेमॉन आला आणि ते एकमेव भोक अडवून बसला. त्याच्यावर भारी पडणारा टाइप एकच, डार्क.

चारिझार्डचं काय झालं? आग अडते ती फायर, वॉटर, रॉक आणि ड्रॅगनवर. फ्लेमथ्रोअर ठेवला. वॉटरसाठी थंडर पंच. फायर आणि रॉक या दोघांना ग्राउंडचा अर्थक्वेक पुरतो. चौथ्या जागेसाठी मी तक्ता उघडला, तोवर भाच्याने ड्रॅगन क्लॉ टाकूनही दिला होता. का, म्हणून विचारलं. "नखं भारी दिसतात." ड्रॅगनवर भारी कोण, ते मी तरीही तक्त्यात बघितलं. आइस, फेअरी आणि ड्रॅगन.