पहिला बाक पुरत नाही

कानाला मशीन लावणारं मूल वर्गात आलं की शाळा बहुतेक वेळा एकच सोय करते: त्याला पहिल्या बाकावर बसवते. त्यात गैर काही नाही, पण तेवढ्यानं भागत नाही.

शुद्धलेखनाच्या तासाला बाई ‘ताट’ म्हणतात, मूल ‘पाट’ लिहितं. लक्ष नव्हतं म्हणून नव्हे. ‘आ’ हा स्वर जोरकस, तो नीट पोचतो. त, प, क, स ही व्यंजनं मात्र क्षीण आणि क्षणभराची. पंख्याची घरघर, बाकांची ओढाताण, जुलैत पत्र्यावर कोसळणारा पाऊस या सगळ्यात पहिला बळी त्यांचाच जातो.

मग मशीनचा आवाज वाढवला तर? चष्मा लावला की दिसतं, तसं इथे होत नाही. आतल्या कानातल्या शंखाकृती नळीत बारा हजारांच्या आसपास बाह्य केसपेशी असतात. बारीक आवाज मोठा करणं आणि जवळजवळच्या पट्टीतले आवाज वेगळे काढणं, ही त्यांची कामं. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मशीन पहिलं काम बऱ्यापैकी करतं, दुसरं नाही. शिवाय ते बाईंच्या आवाजाबरोबर पंखाही मोठा करतं.

त्यात अंतराची भर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. एका मीटरवर ६० डेसिबल असलेलं बोलणं चार मीटरवर ४८ वर येतं, आणि वर्गातला गोंगाट सहज ५० असतो. अशा मुलाला बोलणं गोंगाटापेक्षा साधारण १५ डेसिबल वर लागतं. उघड्या भिंतींवरून परतणारा आवाज थोडी भर घालतो, पण शब्दही एकमेकांत कालवतो. तास चालू असताना वर्गातला पार्श्वभूमीचा गोंगाट ३५ डेसिबलच्या वर नसावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. रस्त्यालगतच्या शाळांनी ती वाचून उसासा टाकावा, एवढंच!

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं मुलाच्या गरजेनुसार सोयी देणं शाळांवर बंधनकारक केलंय. त्यातल्या कित्येक सोयी फुकट आहेत. फळ्याकडे तोंड करून बोलू नये, कारण मूल ओठही वाचत असतं. खिडकीकडे पाठ करून उभं राहू नये, चेहरा अंधारात जातो. मागच्या बाकावरून आलेलं उत्तर बाईंनी पुन्हा म्हणावं. आणि पहिल्या बाकापेक्षा कडेचा दुसरा बाक कित्येकदा बरा, तिथून बाईही दिसतात आणि वर्गही.

पैसे असतील तर वायरलेस माइक घ्यावा. बाईंच्या तोंडापासून वीतभर अंतरावर लावलेला हा माइक आवाज थेट मुलाच्या मशीनमध्ये सोडतो, त्यामुळे अंतराचा प्रश्नच मिटतो. फक्त तास संपला की तो आठवणीनं बंद करावा. शिक्षकखोलीतल्या गप्पाही तो तितक्याच इमानानं पोचवतो.