डंडॉकची लागर आणि जिभेची साक्ष

"पाणी प्यायल्यासारखं वाटतं. पैसे वाया."

"उन्हाळ्यात हिच्याइतकी स्वच्छ बिअर दुसरी नाही. आणि खिशालाही परवडते."

ही दोन्ही मतं मी एकाच टेबलावर, एकाच बिअरबद्दल ऐकली आहेत. बिअर होती हार्प, आयर्लंडची जुनी लागर, म्हणजे गारव्यात आंबवलेली फिकट बिअर. दोघंही मनापासून बोलत होते आणि दोघंही ती वर्षानुवर्षं पीत आलेले. मग खरं कुणाचं? डब्लिनमध्ये राहायला आल्यापासून हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. त्याचा माग काढता काढता यीस्ट, जीभ, मेंदू आणि संख्याशास्त्र अशी चार दारं उघडली, आणि त्यातली दोन तर या शहरातच निघाली.

हार्पचा जन्म १९६० सालचा. तोवर आयरिश माणसाची बिअर म्हणजे काळी, दाट स्टाउट. पण ब्रिटनमध्ये फिकट सोनेरी लागरची मागणी वाढू लागली होती, म्हणून गिनेस कंपनीने डंडॉक गावातल्या ग्रेट नॉर्दर्न ब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात, स्वतःची लागर काढली. नाव घेतलं हार्प, म्हणजे वीणेसारखं ते आयरिश तंतुवाद्य. हे चिन्ह गिनेसने १८७६ मध्येच नोंदवून ठेवलं होतं. पुढे स्वतंत्र आयर्लंडने राजचिन्ह म्हणून तेच वाद्य घेतलं, तेव्हा त्याचं तोंड उलट्या बाजूला करावं लागलं. डंडॉकची ब्रुअरी २०१३ मध्ये बंद झाली आणि हार्प डब्लिनला बनू लागली. आज तिचे खरे चाहते जास्त करून उत्तर आयर्लंडमध्ये सापडतात.

आता "पाणचट" या शब्दाकडे येऊ. लागरवरचा हा सगळ्यात जुना आरोप आहे, आणि त्याच्या मुळाशी एक यीस्ट आहे.

एल (उबेत आंबवलेली, लागरहून वेगळी बिअर) किंवा स्टाउट बनवणारं यीस्ट पावाच्या यीस्टच्या जातीचंच. ते साधारण २० अंशांच्या आसपास काम करतं आणि काम करता करता फळांसारखे वास सोडतं. कुठे केळ्याचा, कुठे सफरचंदाचा. लागरचं यीस्ट वेगळं. ते ८ ते १३ अंशांच्या गारव्यात सावकाश आंबवतं, भांड्याच्या तळाशी बसतं आणि हे फळांचे वास फारच कमी बनवतं. त्यानंतर बिअर कित्येक आठवडे शून्याच्या जवळपास मुरू द्यायची, ही जुनी रीत. 'लागर' या जर्मन शब्दाचा अर्थच साठवण. म्हणजे जो पिणारा "हिला काही चवच नाही" म्हणतो, तो एका अर्थी बरोबर बोलत असतो. काही वास मुद्दाम येऊ दिलेले नसतात. आणि जो "स्वच्छ" म्हणतो, तो त्याच गोष्टीला दुसरं नाव देत असतो.

हे यीस्ट दोन जातींच्या संकरातून आलेलं आहे. एक पालक पावाच्या यीस्टच्या कुळातला. दुसरा थंडी सोसणारा पालक कोण, याचा पत्ता २०११ मध्ये लागला, तोही थेट दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियाच्या जंगलात. लागर युरोपची आणि तिचा पूर्वज पॅटागोनियात, हे कोडंच होतं. मग २०२२ मध्ये 'सॅकॅरोमायसिस युबायानस' नावाचं हेच रानटी यीस्ट युरोपात पहिल्यांदा सापडल्याचं प्रसिद्ध झालं. कुठे? डब्लिनमध्ये, युनिव्हर्सिटी कॉलेजच्या बेलफिल्ड परिसरातल्या झाडीखालच्या मातीत! त्या वाटेने मी अनेकदा चाललो आहे. जगभर रिचवल्या जाणाऱ्या लागरचा एक पूर्वज आपल्या पायाखालच्या ओल्या पानांत आहे, हे कळल्यावर मी तिथे बराच वेळ नुसता उभा होतो.

लागरमध्ये मसाला कमी, त्यामुळे दोष लपत नाहीत. भरपूर मसाल्याच्या रश्श्यात थोडं करपलेलं खपून जातं, साध्या वरणात नाही, तसंच हे. डायअ‍ॅसिटिल नावाचा एक रेणू घ्या. लोण्याला आणि ताकाला जो हवाहवासा वास असतो, त्यात याचा मोठा वाटा. ताकात तो दही लावणारे जिवाणू बनवतात. बिअर आंबताना यीस्टमुळेही तो तयार होतो, आणि पुरेसा वेळ दिला तर यीस्टच तो परत शोषून घेतं. घाई केली तर तो उरतो. लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आसपास असला तरी लागरमध्ये नाकाला कळतो. पबमधल्या पिंपापासून नळापर्यंतच्या नळ्या नीट धुतल्या नाहीत, तर त्यांत वाढलेले जिवाणूही तोच वास आणतात.

एका गावातल्या पबमध्ये मला असा ग्लास मिळाला होता. पहिल्याच घोटाला आजीच्या घरच्या लोणी कढवण्याची आठवण आली. आठवण गोड होती, बिअर मात्र पिववेना. शेजारचा माणूस त्याच नळाची बिअर पिऊन "ही बिअर आता पूर्वीची राहिली नाही" असं ठासून सांगत होता. त्याचं मत बिअरबद्दल होतं, पण दोष बहुधा नळीचा होता.

दुसरा दोष उजेडाचा. हॉप्सच्या फुलांतून बिअरला कडवटपणा येतो. त्या कडू रेणूंवर उजेड पडला, की बिअरमध्येच असलेलं रायबोफ्लेविन, म्हणजे जीवनसत्त्व बी-२, तो उजेड शोषतं. मग रेणू तुटतात, गंधकाशी त्यांची गाठ पडते आणि एक भयंकर वासाचा पदार्थ बनतो. एका लिटरमध्ये ग्रॅमचे काही अब्जांश भाग एवढाच असला तरी नाक वाकडं होतं. तपकिरी बाटली हा उजेड बराच अडवते, हिरवी आणि पारदर्शक बाटली फारसा नाही, कॅनमध्ये तर प्रश्नच येत नाही. पडताळा सोपा आहे. एकाच बाटलीतली लागर दोन ग्लासांत ओता, एक उन्हात खिडकीवर ठेवा, एक कपाटात. पंधराएक मिनिटांनी दोन्ही हुंगा. उन्हातल्या ग्लासाला मांजराने कोपरा ओला केल्यासारखा वास येतो. दुकानाच्या काचेत उभ्या राहिलेल्या बाटलीवरून एखाद्या लागरबद्दल कायमचं मत बनवणाऱ्यांचा मला राग येत नाही, पण त्या बाटलीने त्या बिअरवर अन्याय केलेला असतो.

हे झालं ग्लासातलं. आता तोंडातलं.

जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या पेशींमध्ये टीआरपीएम-५ नावाचं एक प्रथिन असतं. गोड, कडू आणि उमामी (रश्श्यासारखी रसदार) चवींचा निरोप पुढे जायला ते उघडावं लागतं. २००५ मध्ये दाखवून दिलं गेलं, की हे प्रथिन तापमानाला संवेदनशील आहे. गारठ्यात ते मंदावतं, उबेत जोरात चालतं. वितळलेलं आइस्क्रीम असह्य गोड लागतं, त्याचं एक कारण हेच. बिअर चार अंशांवर प्यायली तर माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, गोडवा दबतो. शिवाय वास देणारे रेणू थंड द्रवातून सहजी उडत नाहीत, आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग घशामागून नाकात चढणारा वासच असतो. उरतं काय? गारवा आणि फसफस. फसफस ही नुसती बुडबुड्यांची गुदगुली नव्हे. जिभेवरच्या आंबट ओळखणाऱ्या पेशींवर एक एन्झाइम असतं, ते कार्बन डायऑक्साइडचं आम्लात रूपांतर करतं आणि पेशी त्याची वर्दी देतात. हे २००९ मध्ये उलगडलं. म्हणून बर्फगार लागरच्या पहिल्या घोटाला जो चटका बसतो, तो जवळपास कुठल्याही लागरचा सारखाच असतो. खूप थंड करून बिअर पाजणं म्हणजे दोन लागरमधला फरक पुसणं, हे माझं ठाम मत आहे.

मग "पैसे वसूल" की "पैसे वाया"? इथे मेंदू मध्ये येतो.

२००८ मध्ये कॅलिफोर्नियात २० जणांना मेंदूचं स्कॅन चालू असताना वाइन पाजली गेली. तीच वाइन एकदा १० डॉलरची म्हणून सांगितली, एकदा ९० डॉलरची म्हणून. ९० डॉलरची लोकांना जास्त आवडली. आणि ते भिडेखातर तसं म्हणत नव्हते. डोळ्यांच्या मागे-वर मेंदूचा जो भाग सुखद अनुभवाचा हिशेब ठेवतो, तिथली हालचालही वाढलेली दिसली. जिभेची खबर पहिल्यांदा जिथे पोचते, त्या भागांत मात्र फरक नव्हता. जिभेने सांगितलं तेच, पण सुख वाढलं. स्वस्त बिअरच्या बाबतीत हेच उलट चालत असणार असं मला वाटतं. किमतीची चिठ्ठी वाचली, की आपण अर्धा निकाल देऊनच ग्लास उचलतो.

आयर्लंडमध्ये तर कायद्यानेच या हिशेबात हात घातला आहे. ४ जानेवारी २०२२ पासून दारूला किमान किंमत आहे, एका ग्रॅम अल्कोहोलला १० सेंट. अति मद्यपान आटोक्यात यावं, तेही विशेषतः स्वस्तातली तीव्र दारू पिणाऱ्यांचं, हा त्यामागचा आरोग्याचा विचार. गणित करून बघा. ४.३ टक्क्यांच्या ५०० मिलिलिटरच्या कॅनमध्ये अल्कोहोल भरतं सुमारे १७ ग्रॅम. म्हणजे दुकानात तो १ युरो ७० सेंटच्या खाली विकता येत नाही, मग त्यावर नाव कुणाचंही असो. सुपरमार्केटची अनामिक लागर आणि जुन्या नावाची लागर, दोन्हींच्या पायाखालची फरशी एकच झाली. तळातली स्वस्ताई गेल्यावर दोघींतलं अंतर आक्रसलं, आणि "थोडे जास्त देऊन बरी का घेऊ नये?" हा प्रश्न ज्यांनी कधी विचारला नव्हता त्यांनाही पडू लागला. पबमध्ये पाच-सहा युरो मोजून पाइंट पिणाऱ्याला या फरशीचा स्पर्शही होत नाही. तो जागेचे, सोबतीचे आणि नळाच्या निगेचे पैसे देत असतो.

डंडॉक सीमेलगतचं गाव. तिथून वीसेक किलोमीटरवर न्यूरी, म्हणजे युनायटेड किंग्डममधलं उत्तर आयर्लंड. हा कायदा आला तेव्हा तिकडे तसा कायदा नव्हता. त्यामुळे जी लागर डंडॉकमध्ये जन्मली, ती स्वस्तात आणायला डंडॉकचा माणूस सीमा ओलांडू लागला. कॅनमधला द्रव तोच, पण रस्त्याच्या एका टोकाला "परवडत नाही" आणि दुसऱ्या टोकाला "मस्त सौदा".

एवढ्या गोष्टी मतात मिसळलेल्या असतील, तर निव्वळ चवीचं मत वेगळं कसं काढायचं? नाव झाकून. १९६४ मध्ये अमेरिकेत ३२६ बिअर पिणाऱ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांना आधी लेबलं काढलेल्या बाटल्या घरी दिल्या, नंतर लेबलांसकट. लेबल नसताना लोकांना आपली नेहमीची आवडती बिअर इतरांपेक्षा सरस वाटली नाही. लेबल दिसताच तीच बिअर गुणांत वर चढली.

त्याहून नेमकी पद्धत १९४०च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीत घडली. तीन ग्लास ठेवायचे, दोघांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी. कुठली आवडली ते विचारायचंच नाही. वेगळा ग्लास कोणता, एवढंच सांगायचं. नुसता अंदाज ठोकला तरी तीनात एकदा बरोबर येणारच. मग किती वेळा बरोबर आलं म्हणजे खरं मानायचं? थोडक्या नमुन्यांवर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न डब्लिनच्या गिनेसमध्येच एका माणसाला पछाडून होता. विल्यम सीली गॉसेट १८९९ मध्ये तिथे लागला. जव, माल्ट, हॉप्स यांच्या चाचण्या मोजक्याच करता येत, आणि तेवढ्यावर निर्णय घ्यावे लागत. त्यातून निघालेलं गणित त्याने १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने छापलं, कारण कंपनी नाव लावू देत नव्हती. औषधांच्या चाचण्यांपासून शेतीच्या प्रयोगांपर्यंत फरक खरा की नुसता योगायोग हे ठरवायला आज वापरली जाणारी 'टी' चाचणी ती हीच. चार मित्रांच्या मतावरून बिअरला नावं ठेवणाऱ्या प्रत्येकाने गॉसेटची आठवण काढावी, इतका तो मला जवळचा वाटतो.

आम्ही हा तीन ग्लासांचा खेळ घरी करून पाहिला. आम्ही तीन मराठी मित्र आणि डंडॉकचा एक शेजारी. एक हार्प, एक जवळपास तेवढ्याच तीव्रतेची स्वस्त लागर. सगळे ग्लास एकसारखे, खाली चिठ्ठ्या, एकेका घोटाचा हिशेब. ओतणारी व्यक्ती शेजारच्या खोलीत, म्हणजे तिच्या चेहऱ्यावरूनही काही कळायला नको. क्रम सहाच होतात, प्रत्येक क्रम दोनदा, अशा एकूण १२ फेऱ्या. अंदाजाने चार बरोबर यावेत. आठ आले तर मात्र ते नुसत्या नशिबाने येण्याची शक्यता शंभरात दोनहूनही कमी, म्हणून आठाची रेघ आखली. फ्रिजमधून काढलेल्या बिअरवर आम्ही त्या रेघेच्या आसपासही पोचलो नाही. हार्प शंभरात ओळखीन म्हणणारा शेजारी कागदाकडे बघत गप्प बसला.

मग जेवणं झाली. उरलेले ग्लास तासभर ओट्यावर तसेच राहिले होते, गारवा उतरलेला, फेस मेलेला. शेजाऱ्याने सहज म्हणून तिन्ही पुन्हा नाकाशी नेले आणि मधल्यावर बोट ठेवलं. "हा. याला उकडलेल्या मक्याचा वास येतोय." आम्हीही हुंगून पाहिलं. खरंच, पावसाळ्यात कुकरचं झाकण उघडल्यावर कणसांचा येतो तसा. तो डायमिथिल सल्फाइडचा वास. माल्टमधून येतो, लागरमध्ये थोडा असतोच, कुठे कमी कुठे जास्त. चिठ्ठी उलटून पाहिली. मधला ग्लासच वेगळा होता.

शेजाऱ्याने लगेच नव्याने १२ फेऱ्या मांडायला सांगितल्या, या वेळी सगळ्या बाटल्या आदल्या रात्रीपासून फ्रिजबाहेर ठेवून.